हलगी चार आकड्यांत खाली आणताना

खरं सांगा, रस्त्यात कुणी हातात दिलेलं पत्रक तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत कधी वाचलं आहे?

मी वाचलं आहे. मी सगळीच वाचली आहेत, कारण आमच्या घरात दुसरं काही वाचायला नव्हतं. वडील फाउंड्रीत मोल्डिंगला होते आणि सुट्टीच्या दिवशी पत्रकं लिहीत. युनियनचं पत्रक, विहारातल्या कार्यक्रमाचं पत्रक, एसटीचा थांबा हलवला म्हणून निषेधाचं पत्रक. वाटून उरलेली पत्रकं पाठकोरी म्हणून माझ्या वाट्याला यायची. बाराखडी मी त्यांच्या पाठीवर गिरवली. कागद पातळ असायचा, त्यामुळे माझ्या 'क'च्या मागून 'जाहीर निषेध' दिसत राहायचा. चौथीत 'माझा आवडता पक्षी' हा निबंध मी 'तरी सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे' या वाक्यानं संपवला होता. बाईंनी लाल शाईनं खाली लिहिलं, 'कुठे?'

पुढं कॉलेजला जायला लागले तरी माझी समजूत तीच होती. खरी गोष्ट असेल तर ती जाड टायपात छापायची आणि मोठ्यानं सांगायची. हळू बोलणारा माणूस एक तर घाबरलेला असतो किंवा विकला गेलेला. आई हळू बोलायची. तिच्याबाबत मी अपवाद केला होता.

आई बालवाडी चालवायची. गाव उचगावपासून सायकलनं अर्ध्या तासावर. नाव देत नाही, कारण गावातली सगळी माणसं अजून तिथंच राहतात आणि मलाही सणावाराला तिथंच जायचं असतं. बालवाडी पंचायतीच्या एका जुन्या खोलीत भरायची. ही खोली गाव आणि आमची वस्ती यांच्या बरोबर मधोमध होती, म्हणून दोन्हीकडची पोरं तिथं यायची आणि एकाच सतरंजीवर झोपायची. गावात असं दुसरं ठिकाण नव्हतं. आईनं याबद्दल कधी भाषण केलं नाही. ती फक्त सतरंजी रोज उलटसुलट अंथरायची, म्हणजे कुठलं टोक कुणाचं हे ठरू नये.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी दूध संस्थेला ती खोली हवी झाली. नवं यंत्र ठेवायचं होतं. बालवाडी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, देवळामागच्या पडवीत हलवायची असं उपसरपंचांनी ठरवलं. तिथपर्यंत आमच्या वस्तीतली तीन-चार वर्षांची पोरं मोठा रस्ता ओलांडून जाणार नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. पण ठराव ग्रामसभेत व्हायला हवा होता. म्हणजे बायका आल्या आणि त्यांनी हात वर केले, तर खोली राहणार होती. नाही आल्या, तर जाणार होती. आईची पंधरा वर्षं एवढ्या साध्या हिशेबावर येऊन थांबली होती.

वडिलांनी पत्रक लिहिलं. चार परिच्छेद आणि सात मागण्या. मी म्हटलं, बायकांना पत्रक वाचायला वेळ नसतो, आपण कॅसेट करून रिक्षावर फिरवू. वडिलांना कल्पना पटली. पत्रक जसंच्या तसं मोठ्यानं वाचायचं, एवढीच दुरुस्ती त्यांनी सुचवली.

पहिली कॅसेट मी घरीच केली. शेजाऱ्यांकडे यात्रेत भरून आणलेली हलगीची कॅसेट होती. एका टेपवर हलगी लावली, दुसऱ्या टेपवर रेकॉर्डिंग दाबलं. हलगी चांगली रंगात आली की पहिला टेप खटकन बंद करायचा आणि वडिलांनी वाचायला सुरुवात करायची. वाचून झालं की पुन्हा खटकन हलगी. वडिलांना फाउंड्रीतल्या धडधडीमुळे कमी ऐकू यायचं. तपासायला मी त्यांनाच बसवलं. ते म्हणाले, "वाढव." मी वाढवला. ते म्हणाले, "अजून." ज्या पातळीला ते समाधानी झाले, त्या पातळीला शेजारची म्हैस उठून उभी राहिली होती.

रिक्षा सकाळी दहाला फिरली. सभा अकराला होती. साडेदहाला रिक्षावाला आमच्या दारात परत आला.

"काय ओ," वडिलांनी विचारलं, "प्रतिसाद?"

"लई प्रतिसाद," तो म्हणाला. "समद्या बाया बाहेर आल्या की."

"मग?"

"कळश्या घिऊन नळाकडं पळाल्या."

ही चूक दुसऱ्या कुठल्या गावात झाली नसती. आमच्या पंचायतीच्या छपरावर एक कर्णा होता आणि सकाळी त्यावर गाणी लागायची. गाणं मधेच तुटलं की त्याचा अर्थ एकच असायचा. पाइप फुटला, दोन दिवस पाणी येणार नाही, भरून घ्या. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. गाणं तुटल्यावर पुढं काय सांगतात ते कुणी ऐकतच नसे, ऐकायला थांबलेल्या बाईची कळशी रिकामी राहायची. आमची हलगी खटकन तुटली आणि अख्ख्या गावातल्या बायका नळावर जाऊन उभ्या राहिल्या. वडिलांचा आवाज रिक्षातून त्यांच्यासमोर सात मागण्या मांडत गेला. नळाला पाणी होतं. त्यामुळे ते जाईल या भीतीनं त्यांनी पिंपं, पातेली, बादल्या सगळं भरून घेतलं. अकरा वाजता सभेला चार बायका होत्या, त्यात एक आई आणि एक मी.

शंभर माणसं जमली नाहीत म्हणून सभा आठ दिवस पुढं ढकलली. मला वाटलं, बरं झालं. वडिलांना कायदा पाठ होता. ते म्हणाले, "तहकूब सभेला शंभराची अट न्हाय. पुढच्या खेपेला पाच माणसं आली तरी ठराव करता येतो. आणि ती पाच कुणाची असणार, सांग."

आई भांडी घासत होती. तिनं एवढंच विचारलं, "सतरंज्या पंचायतीच्या हायत का आपल्या?"

त्या प्रश्नानं मी कॉलेज बुडवून शहरात मंगळवार पेठेत गेले. तिथं एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर एक रेकॉर्डिंगची खोली होती. साडीचे सेल, सर्कस, निवडणुका, सगळ्यांच्या रिक्षाच्या कॅसेट तिथं व्हायच्या. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले होते आणि दाराला जुनी वाकळ लटकत होती. चालवणारे गृहस्थ पन्नाशीचे, त्यांना सगळे मामा म्हणत. दुपारी एक ते तीन गिरणी बंद असायची, तेवढ्यातच रेकॉर्डिंग व्हायचं. बाकी वेळ ते खाली पीठ घ्यायला आलेल्या लोकांशी गप्पा मारत.

त्यांनी माझी कॅसेट लावली. अर्ध्या मिनिटात बंद केली.

"हे वाचून दाखवायलाय का भांडायलाय?"

"आमचं म्हणणं मांडायलोय," मी म्हणाले.

"ते मांडा की. पर ऐकणाऱ्याच्या डोस्क्यात हाणून कशाला मांडताय? बघा हिकडं. ह्यो आवाजाचा काटा सारखा लालात हाय. लालात गेलं की शब्द फाटतो. फाटका शब्द कितीबी मोठा केला तर फाटकाच."

मग त्यांनी मला मिक्सरपुढं बसवलं. चार सरकत्या पट्ट्या होत्या, त्यांना ते फेडर म्हणत. पट्टी वर सरकवली की आवाज वाढतो, खाली ओढली की कमी. एका पट्टीवर माणसाचा आवाज, एकीवर वाद्य. मी आधी हलगी लावायला गेले, तर त्यांनी हात धरला. आधी माणूस. माणूस एकटा नीट ऐकू आला पाहिजे, काटा लालाच्या अलीकडं राहिला पाहिजे. मग वाद्य त्याच्या खाली बसवायचं, कमी पडलं तर चालेल.

"आता हलगी खाली आण."

मी आणली.

"जिना उतरलीस. धाड धाड धाड. पुन्हा."

मी पुन्हा आणली.

"आता जिन्यावरनं पडलीस."

त्यांचा नियम चार आकड्यांचा होता. मनात एक ते चार मोजायचं. एक आणि दोनला इतकं थोडं हलायचं की कुणाला कळू नये. तीनला निम्म्यावर. चारला माणसाच्या पायाशी. शून्यावर न्यायचं नाही, खाली थोडी हलगी राहू द्यायची, म्हणजे काही तुटलं असं वाटत नाही. आणि पहिला शब्द चार म्हणायच्या आत येऊ द्यायचा. माणूस आल्यावर जागा रिकामी करायला लागलात तर उशीर झालेला असतो. बोलणं संपताना हेच उलटं.

माझा तात्त्विक आक्षेप होता. "म्हणजे लोकांना कळू न देता करायचं?"

"कळलं तर काय फायदा?"

"मग ती फसवणूक झाली."

मामांनी माझ्याकडे बघितलं, मग तंबाखूच्या डबीकडे. "तुला तुजी आई जेवाय वाढताना दर घासाला सांगती का, आता मीठ लागंल म्हणून?"

मीठ हा राजकीय मुद्दा नाही असं ठरवून मी विषय बदलला आणि दुसऱ्या दिवशी आईला घेऊन आले. ती मामांचीच अट होती. वडिलांचा आवाज नको, ज्यांची बालवाडी त्यांचाच पाहिजे.

आईनं वडिलांचं पत्रक हातात घेतलं, चष्मा लावला आणि 'उपरोक्त विषयास अनुसरून' पर्यंत आली. मामांनी थांबवलं.

"बाई, कागद ठेवा. पोरं अंगणात खेळायलीत आणि आत बोलवायची हायत, तर तुम्ही काय म्हणता?"

"या रं, बसूया, म्हणते."

"तसं सांगा."

आईनं तीन वाक्यं सांगितली. बायांनो, मंगळवारी अकराला शाळेच्या पटांगणात या. पोरांची खोली काढून घ्यायलीत, तुम्ही हात वर केला तर ऱ्हाईल. पाणी दुपारी येणार हाय, मी चौकशी केलीया.

तिसरं वाक्य तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते तिचं तिलाच सुचलं, आणि पूर्ण पत्रकात त्याच्या तोडीचं काही नव्हतं.

मग हलगी खाली आणायची वेळ आली. तीन वेळा माझ्या हातून बिघडलं. आई मागं स्टुलावर बसली होती. म्हणाली, "मी बघू का?" आणि तिनं बोट पट्टीवर ठेवून ती खाली आणली. एकाच दमात. कुठं सुरू झालं आणि कुठं थांबलं ते सांगता आलं नसतं.

मामांनी विचारलं, "कुठं शिकला?"

"पोर झोपल्यावर खांद्यावरनं खाली ठेवतोच की आपण," आई म्हणाली. "पाठ टेकली तरी हात लगेच काढत न्हाय. काढला की उठतंय."

मामांनी ती कॅसेट मला दिली आणि आईला चहा सांगितला. मला कुणी विचारलं नाही.

घरी वडिलांनी कॅसेट ऐकली. म्हणजे आम्ही त्यांना ऐकवली, त्यांना कितपत ऐकू आली माहीत नाही. "मागण्या कुठं हायत?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "एकच हाय." त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि सात मागण्यांचं वेगळं पत्रक छापून घेतलं. सभेत ते बायकांनी खाली बसायला वापरलं.

नवी कॅसेट रिक्षावर फिरली आणि मंगळवारी बायका आल्या होत्या. मी मोजल्या नाहीत, पण पटांगणात चिंचेची सावली पुरली नाही आणि निम्म्या जणी उन्हात पदर घेऊन बसल्या. वस्तीतल्या होत्या, गावातल्या होत्या, दूध घालणाऱ्यांच्या घरातल्याही होत्या. त्यांचीच पोरं त्या सतरंजीवर होती.

पंचायतीनं सभेसाठी माईकचं मशीन आणि कर्णा भाड्यानं आणला होता. टेबलामागं मामा बसले होते, मशीन भाड्यानं देणं हाही त्यांचाच धंदा. मला आनंद झाला. ओळखीचा माणूस म्हणून मी त्यांना हात केला. त्यांनी हात केला नाही, चष्मा पुसला. टेबलाच्या बाजूच्या खुर्चीवर उपसरपंच होते.

उपसरपंच पाऊण तास बोलले. दूध, विकास, यंत्र, जिल्हा. आवाज स्वच्छ, खणखणीत, शब्द न् शब्द चिंचेपलीकडं जात होता. मग आई उठली.

पहिली दोन वाक्यं नीट आली. मग बायका पुढं झुकायला लागल्या. एकीनं कानावरचा पदर मागं सारला. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, जरा मोठ्यानं की." आईनं आवाज वाढवला. तरी पोहोचेना. पुढच्या रांगेतला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "घाबरल्यात. सवय न्हाय ना." शेजारी हसला. आईनं ते ऐकलं असावं. तिनं अजून जोर लावला, घसा चिरकला, ती थांबली, पाणी प्यायली. पंधरा वर्षं तीस पोरांना हाक मारणारी बाई पटांगणात सगळ्यांसमोर भित्री ठरत होती. मलाही क्षणभर तेच वाटलं. मी हळू बोलणाऱ्या माणसांबद्दल काय समजत होते ते वर लिहिलंच आहे.

मग माझं लक्ष मामांच्या अंगठ्याकडं गेलं. तो माईकच्या बटणावर होता आणि फिरत होता. इतका थोडा की दोन दिवस मी त्याच कामासाठी शिव्या खाल्ल्या नसत्या तर मला दिसलाही नसता. एक, दोन, तीन. शेजारच्या खुर्चीवर उपसरपंचांचा हात गुडघ्यावर होता, तळवा जमिनीकडं. ते आईकडं अतिशय लक्ष देऊन बघत होते.

खटकन बंद केलं असतं तर पटांगण उठलं असतं. निदान बायका नळाकडं तरी पळाल्या असत्या. इथं कुणी काही बंद केलंच नव्हतं.

मी उठून टेबलाजवळ गेले. डोक्यात बारा वाक्यं तयार होती. सगळी जाड टायपातली. ती मोठ्यानं म्हटली असती तर सभा उधळली असती, पुन्हा तहकूब झाली असती, आणि तिसऱ्या सभेला बायका आल्या नसत्या. मी वाकून म्हणाले, "मामा, काय करायलाय?"

"शिटी मारत होतं गं मशीन."

"न्हाय मारत."

ते उपसरपंचांकडं बघणार होते, पण बघितलं नाही. "मशीन त्यांनी सांगितलंय," ते पुटपुटले. "गावची यात्राबी मलाच असती."

"मामा. हात काढा."

मग त्यांनी खिशातून डबी काढली. "तंबाखू मळतो जरा," ते म्हणाले. "तंबाखू मळाय दोन हात लागत्यात."

मी बटण धरलं. वर न्यायला मला कुणी शिकवलं नव्हतं, पण उलटं केलं की झालं. एक, दोन, इतकं थोडं की कुणाला कळू नये. तीन. चार. माझ्या आयुष्यात मी गुपचूप केलेली ती पहिली राजकीय कृती. काटा लालाच्या अलीकडं ठेवला.

बायका सरळ बसल्या. आई सांगत होती, पोरं कोणत्या टोकाला झोपतात हे पोरांना माहीत नाही. सकाळी ज्याची उशी त्याला दुपारी मिळत नाही. हे असंच राहू द्या, एवढं माझं मागणं आहे. ती नेहमीसारखी हळू बोलत होती आणि ते कर्ण्यातून चिंचेपलीकडं जात होतं. उपसरपंचांचा तळवा अजून जमिनीकडंच होता. पुढच्या रांगेत कुणी हसलं नाही.

हात वर झाले. मोजायची गरज पडली नाही, तरी ग्रामसेवकांनी दोनदा मोजले. खोली 'पुढील व्यवस्था होईपर्यंत' बालवाडीकडं ठेवावी असा ठराव झाला. ती व्यवस्था अजून व्हायची आहे. त्या वर्षी यात्रेचं मशीन मामांना मिळालं नाही. मी त्यांच्याकडं गेले तर ते म्हणाले, "बरं झालं, यात्रंत लई धूळ असती," आणि मला पीठ घेऊन जायला सांगितलं.

आई आजही कुणी आलं की सांगते, सभेत आधी माझा घसा बसला होता, मग मधेच काय झालं कुणास ठाऊक, सुटला. मी तिला खरं सांगितलं नाही. घाबरलेली नव्हतीस, तुझा आवाज कुणीतरी काढून घेत होतं, हे तिला इथं वाचायला मिळेल. इतकी वर्षं मी गप्प राहिले, त्याची माफीही इथंच मागते.

तुमच्याकडं मागणं एकच आहे. पुढच्या सभेला गेलात, ग्रामसभा असो, सोसायटीची असो, संमेलन असो, तर पहिल्या रांगेत बसू नका. मशीनच्या टेबलाशेजारी बसा. बोलणाऱ्या बाईचा आवाज खाली जायला लागला तर तिच्या तोंडाकडं बघू नका, बटणावरच्या हाताकडं बघा. आणि उठून जाऊन त्या हाताला बाजूला व्हायला सांगा.